हान्स अँडरसन: शुद्धलेखनात अडखळणारा लॅटिन शाळेतला विद्यार्थी

तुमचे मूल गोष्ट रंगवून सांगते, प्रश्न मोठ्यांसारखे विचारते, पण वही मात्र चुकांनी भरलेली असते का? मग घरात दोनच निष्कर्ष निघतात: एक तर ते आळशी आहे, नाहीतर पुढचा अभ्यास त्याला झेपणार नाही. ‘कुरूप बदकाचे पिल्लू’ लिहिणाऱ्या हान्स ख्रिश्चन अँडरसनची कथा तुम्हाला तिसरी शक्यता दाखवते.

शाळेआधी

अँडरसन यांचा जन्म 2 एप्रिल 1805 रोजी डेन्मार्कमधील ओडेन्स गावी झाला. वडील चांभारकाम करत, आई कपडे धुण्याची कामे करी. वडील लवकर वारले आणि शिक्षण तुटक राहिले. चौदाव्या वर्षी ते एकटेच कोपनहेगनला गेले. तिथल्या रॉयल थिएटरने त्यांची नाटके नाकारली, पण मुलात काहीतरी आहे हे ओळखले. थिएटरचे एक संचालक योनास कोलिन यांनी राजाकडून शिक्षणाचा खर्च मिळवून दिला.

लॅटिन शाळेतली वर्षे

1822 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते स्लागेल्सेच्या लॅटिन शाळेत आपल्याहून बऱ्याच लहान मुलांबरोबर बसले. लॅटिन, ग्रीक, गणित असा विद्यापीठाच्या तयारीचा अभ्यास होता. मुख्याध्यापक सिमोन माइसलिंग विद्वान होते, पण चुकांवर उपाय म्हणून त्यांच्याकडे अपमानच होता. 1826 मध्ये अँडरसन त्यांच्याबरोबर हेल्सिंगोरला गेले आणि तिथे त्यांच्याच घरी राहत होते. त्यामुळे शाळा सुटली तरी त्रास सुटत नसे.

अखेर शाळेतल्याच एका शिक्षकाने ही परिस्थिती कोलिन यांच्या कानावर घातली. 1827 मध्ये कोलिन यांनी त्यांना तिथून काढले आणि कोपनहेगनला खासगी शिकवणी लावली. अभ्यासक्रम कठीणच राहिला, शिकवण्याची पद्धत बदलली. 1828 मध्ये अँडरसन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले. 1835 मध्ये परीकथांचे पहिले पुस्तक आले. लेखनातल्या चुका मात्र शेवटपर्यंत राहिल्या. 1875 मध्ये ते वारले.

त्यांना डिस्लेक्सिया होता का?

काहींना तसे वाटते, तर काही अभ्यासक ते अमान्य करतात. तुटक शिक्षणामुळेही अशा चुका होऊ शकतात. मृत व्यक्तीची तपासणी करता येत नाही, म्हणून ठाम निदान देणे योग्य नाही. तुमच्या मुलाची तपासणी मात्र करता येते.

तुम्ही काय करावे?

- आधी डोळे आणि कान तपासून घ्या.
- नंतर बालविकासतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जा. निश्चित निदान साधारण आठव्या वर्षापासून करता येते.
- विशिष्ट अध्ययन अक्षमतेत बुद्धी कमी नसते. वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादे कौशल्य अडते. हुशार मूल पाठांतराने ही अडचण बरीच वर्षे झाकू शकते आणि वरच्या वर्गात गुण अचानक घसरतात.
- 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात.
- मुलाला कठीण विषयातून काढण्याआधी शिकवण्याची पद्धत बदलून पाहा.
- मूल शाळेला घाबरत असेल, गप्प झाले असेल, तर गुणांआधी त्याकडे लक्ष द्या.

अँडरसन यांच्यासाठी एका शिक्षकाने वेळीच तोंड उघडले आणि कोलिन यांनी ते मनावर घेतले. तुमच्या मुलासाठी ही दोन्ही कामे तुम्ही करू शकता.