दाब मोजायचं यंत्र नव्हतं, तरी या डॉक्टरने काचबिंदूवर ऑपरेशन शोधलं

काचबिंदूच्या पेशंटचा दाब सकाळी दवाखान्यात मोजला की बरा निघतो, तरी नजर मात्र कमी होत राहते, असं अनेकदा घडतं. कारण डोळ्यातला दाब दिवसभर सारखा नसतो. निरोगी डोळ्यात तो साधारण ३ ते ६ मिमी पाऱ्याने खालीवर होतो, काचबिंदूत हाच फरक १० च्या पुढेही जातो.

हा चढणारा दाब ऑपरेशन करून उतरवून दाखवला तो आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी.

जन्म १८२८, बर्लिन. वडील नावाजलेले सर्जन, पण आल्ब्रेख्त १२ वर्षांचा असतानाच ते वारले. बर्लिनमध्ये डॉक्टरकी शिकून हा पोरगा प्राग, पॅरिस, व्हिएन्ना, लंडन असा फिरला आणि १८५१ मध्ये परत येऊन त्याने डोळ्यांचं क्लिनिक काढलं. गरिबांवर तिथे फुकट उपचार व्हायचे.

त्याच वर्षी हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत बघायचं उपकरण जगापुढे आणलं. त्यातून बघून ग्रेफेंनी आधी सांगितलं की काचबिंदूत डोळ्याची नस फुगते. पुढे लक्षात आलं की ती फुगत नाही, उलट दाबामुळे तिथे खड्डा पडतो. त्यांनी आपलं म्हणणं जाहीरपणे बदललं. म्हणजे मूळ दुखणं दाबाचं होतं.

पण दाब मोजायचा कसा? पापणीवरून बोटाने चाचपून. डोळा दगडासारखा कडक लागला की दाब वाढलेला, एवढाच हिशोब.

सुई टोचून पाणी काढून पाहिलं. डोळा मऊ पडायचा, थोड्या दिवसांत पुन्हा कडक. मग त्यांना आठवलं की दुसऱ्या आजारांत बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा तुकडा कापला की डोळा मऊ होतो. तेच काचबिंदूत केलं. अचानक प्रचंड दुखणारे, दिव्याभोवती रंगीत कडी दाखवणारे डोळे शांत झाले, आणि तसेच राहिले. १८५७ मध्ये त्यांनी हे छापलं. तोवर असा डोळा गेल्यातच जमा असायचा.

हे चालतं का, याचं नेमकं कारण त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. अशा झटक्यात पडद्यामागे पाणी अडतं आणि छिद्रामुळे त्याला पुढे यायला वाट मिळते, हे पुढच्या शतकात उलगडलं. हळूहळू वाढणाऱ्या काचबिंदूत मात्र हे ऑपरेशन तितकं चाललं नाही.

१८७० मध्ये क्षयाने ग्रेफे गेले. वय फक्त ४२.

भरवशाचं दाबमापक श्योट्झ यांनी १९०५ मध्ये आणलं. हळू वाढणाऱ्या काचबिंदूसाठी आज सर्रास होणारी ट्रॅबेक्युलेक्टॉमी १९६८ सालची. त्यात पाणी झिरपायला कायमची नवी वाट करतात. ड्रॉपचा असर पुढच्या डोसपर्यंत ओसरू शकतो, ही वाट मात्र रात्रंदिवस उघडी असते. दाब चढला की पाणीही जास्त वाहतं. त्यामुळे सरासरी दाब उतरतोच, शिवाय दिवसातली उसळीही कमी होते. अर्थात ही वाट पुढे बुजूही शकते, म्हणून ऑपरेशननंतरही दाब तपासत राहावा लागतो. शंका असेल तर डॉक्टर दिवसभरात वेगवेगळ्या वेळी मोजतात.