लोरेंझो व्हाल्ला : शब्दांची साक्ष

लोरेंझो व्हाल्ला याचा जन्म १४०७ च्या सुमारास रोम येथे झाला. त्याचे वडील पोपच्या दरबारात वकिली करीत. पोपच्या सचिवालयात शिरण्याचा त्याचा तरुणपणीचा प्रयत्न फसला आणि १४३१ मध्ये तो पाव्हिया येथे वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक झाला. १४३३ मध्ये त्याने विख्यात विधिज्ञ बार्तोलुस याच्या ओबडधोबड लॅटिनवर टीका केली, तेव्हा तेथील कायदेपंडित इतके खवळले की त्याला शहर सोडावे लागले.

पुढे आरागॉनचा राजा आल्फोन्सो याचा आश्रय त्याला लाभला. नेपल्सच्या गादीवरून आल्फोन्सो आणि पोप चौथा यूजीनियस यांच्यात संघर्ष चालू असतानाच, १४४० मध्ये, व्हाल्लाने तथाकथित ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ बनावट असल्याचे सिद्ध करणारा प्रबंध लिहिला. सम्राट कॉन्स्टंटाइनने पोप सिल्व्हेस्टर याला लॅटरन राजवाडा व पश्चिमेकडील प्रदेशांचे स्वामित्व अर्पण केले, असे हे दानपत्र सांगत असे. पोपच्या ऐहिक सत्तेचा तो एक मोठा आधार होता. निकोलस ऑफ क्यूसा याने १४३३ मध्येच त्याविषयी शंका घेतली होती. तथापि समकालीन लेखकांचे मौन हा त्याचा मुख्य पुरावा होता. व्हाल्लाने दानपत्राच्या शब्दांनाच साक्षीला बोलावले. रोमन अधिकाऱ्यांत ‘सत्रप’ कोठून आले? जे नगर अद्याप त्या नावाने वसलेच नव्हते, त्या कॉन्स्टँटिनोपलचा उल्लेख कसा झाला? शिरोभूषण म्हणून बांधावयाची वस्त्राची पट्टी येथे सोन्याची कशी झाली? दानपत्रातील लॅटिन चौथ्या शतकातले असूच शकत नाही, हा त्याचा निष्कर्ष आज सर्वमान्य आहे. ते आठव्या शतकाच्या सुमारास रचले गेले असावे, असे अभ्यासक मानतात.

हे लेखन आश्रयदात्याच्या सोयीचे होते, हे नाकारता येत नाही. परंतु तेवढ्यावरून व्हाल्लाला दरबारी प्रचारक ठरवणे अन्यायाचे होईल. हीच कसोटी त्याने लिव्हीच्या इतिहासग्रंथातील भ्रष्ट पाठांना लावली आणि त्यापायी दरबारातील सहकाऱ्यांशी वैर पत्करले. बायबलच्या नव्या कराराचे रूढ लॅटिन भाषांतर त्याने मूळ ग्रीक पाठाशी ताडून पाहिले. यातून कोणत्याही राजाला काही लाभ होणार नव्हता. ख्रिस्ती श्रद्धासूत्र बारा प्रेषितांनी मिळून रचले, ही परंपरागत समजूतही त्याने नाकारली. १४४४ मध्ये नेपल्समध्ये त्याच्यावर धर्मचौकशीचे संकट आले. त्यातून आल्फोन्सोने त्याला सोडवले.

आश्चर्य असे की, १४४८ मध्ये तो रोमला परतला तो पोप पाचवा निकोलस याच्या सेवेत. या विद्याप्रेमी पोपसाठी त्याने थ्युसिडिडीझचे लॅटिन भाषांतर केले. पोज्जो ब्राच्चोलिनीशी झालेला त्याचा वाद मात्र विद्वत्तेपेक्षा शिवीगाळीनेच अधिक गाजला. १४५५ मध्ये पोप तिसरा कॅलिक्स्टस याच्या कारकिर्दीत, तरुणपणी हुकलेले सचिवपद त्याला मिळाले. १ ऑगस्ट १४५७ रोजी तो निवर्तला. त्याचे दफन लॅटरनच्या चर्चमध्ये झाले. हे चर्च त्याच कॉन्स्टंटाइनने उभारलेले होते.

नव्या करारावरील त्याच्या टिपांचे हस्तलिखित इरॅस्मसला १५०४ मध्ये लूव्हेंजवळच्या एका मठात सापडले. पुढील वर्षी त्याने ते पॅरिस येथे छापून प्रसिद्ध केले. दानपत्रावरील प्रबंध उलरिख फोन हुटेनने छापला आणि १५२० मध्ये तो मार्टिन ल्यूथरच्या वाचनात आला.