इरावतीबाईंची मोजपट्टी आणि वही

अलोरे हे चिपळूण तालुक्यातले, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ते अनेकांना माहीत आहे. घाटमाथ्यापलीकडच्या शिवसागर जलाशयाचे पाणी डोंगराच्या पोटातून खाली पोफळीला येते. तिथे वीज निर्माण केल्यावर ते कोळकेवाडी धरणात साठवले जाते, अलोरे येथील वीजगृहात पुन्हा कामी येते आणि मग वाशिष्ठी नदीला मिळते. या पाण्याचा हिशेब चोख ठेवला जातो. जलाशयाची पातळी, साठा, मेगावॉट हे सगळे आकड्यांत सांगता येते. पण घाटावर ज्या गावांत आज हे पाणी उभे आहे, त्या गावांतली माणसे कुठे गेली आणि तिथे कशी रुजली, हे कशाने मोजायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत डॉ. इरावती कर्वे होत्या. कन्या जाई निंबकर यांच्यासह त्यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी केली आणि 1969मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिचा अहवाल प्रसिद्ध केला. मराठी वाचक त्यांना ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतो. पण आज गुणात्मक संशोधन या नावाने जी पद्धत विद्यापीठांत शिकवली जाते, तिची शिस्त त्यांच्या आयुष्यात कशी घडत गेली, हेही पाहण्यासारखे आहे.

15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशातील मिंजान येथे त्यांचा जन्म झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. इरावती या तिथल्या नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवण्यात आले. शाळेत शकुंतला परांजपे मैत्रीण झाली आणि रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी इरावती मुलीसारखी वाढली. 1926मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या.

पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी एम.ए.चा प्रबंध केला. विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे ज्या समाजात त्या जन्मल्या तोच. या समाजाच्या उत्पत्तीची आख्यायिका चिपळूणच्या परशुरामाशी जोडलेली आहे. आपल्याच माणसांचा अभ्यास करताना पुष्कळ गोष्टी ओळखीच्या असतात आणि म्हणूनच नजरेतून सुटतात. संशोधकाने आपण कोण, कुठून पाहतो आहोत याची नोंद आधी ठेवावी, असे आता पहिल्याच धड्यात सांगितले जाते. इरावतीबाईंच्या कामाची सुरुवातच या अवघड जागेवरून झाली.

दरम्यान रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे सासरचे मूळ दापोलीजवळच्या मुरुडचे. 1928मध्ये त्या बर्लिनला गेल्या. तिथल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. पुढे नाझी राजवटीच्या वंशविचाराला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत ज्यांची गणना झाली, तेच हे फिशर. इरावतीबाईंना विषय मिळाला मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा. या असमानतेचा संबंध वंशाशी असावा, अशी अपेक्षा होती. कवट्यांची मोजमापे घेतल्यावर तसा संबंध इरावतीबाईंना आढळला नाही आणि त्यांनी तेच लिहिले. परक्या देशातली विद्यार्थिनी, समोर मोठ्या अधिकाराचा गुरू आणि पदवी त्याच्याच हाती, अशा स्थितीत हे सोपे नव्हते. 1930मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

परतल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले आणि 1939मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. पुढची तीन दशके हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या बाई म्हणून त्यांचे कौतुक होई, पण त्यांचा खरा प्रवास गावोगावचा होता. महाराष्ट्रात आणि देशाच्या अनेक भागांत फिरून त्या माणसांची उंची, डोके, नाक मोजत, रक्तगटांच्या नोंदी करत. ह. धी. सांकलिया यांच्यासोबत गुजरातेतील लांघणज येथील उत्खननातही त्यांनी भाग घेतला. शरीराच्या मापांवरून मानवसमूहांची नाती ठरवण्याची ही रीत आता मागे पडली आहे आणि त्यांच्या कामाच्या या भागावर अभ्यासकांनी टीकाही केली आहे. पण मोजपट्टीबरोबर त्यांच्या हातात वही होती आणि त्या वहीतले पुष्कळ आजही टिकून आहे.

वहीत होते नात्यांचे शब्द. सासऱ्याला कोण काय म्हणते, आतेभाऊ आणि मामेभाऊ यांना वेगळे शब्द आहेत की एकच, कोणाच्या घरी मुलगी देतात आणि कोणाच्या घरी चालत नाही, हे त्या भाषा-भाषांत विचारत गेल्या. मराठीतलेच पाहा. पूर्वी अनेक घरांत सून सासऱ्याला मामंजी म्हणे आणि सासूला आत्याबाई. आता हे शब्द ऐकू येत नाहीत, पण मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्न होण्याची जुनी चाल त्यांत साठून राहिली आहे. उत्तर भारतात असे लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचे आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. अशा सामग्रीतून त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे नातेव्यवस्थेचे चार विभाग मांडले. 1953मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो.

लोकांचे स्वतःचे शब्द तसेच टिपणे हा या पद्धतीचा पाया आहे. संशोधकाने आपल्या सोयीचा शब्द लोकांच्या तोंडी घातला की माहितीही आपल्याला हवी तशीच मिळते. जातींच्या बाबतीत इरावतीबाईंनी हेच पथ्य पाळले. कुंभार हे वरवर एकच नाव, धंदाही एकच. पण कोणाचे चाक मोठे, कोणाचे लहान, कामाची रीत निराळी आणि आपसांत सोयरीक नाही. त्यावरून या जाती एका मूळ जातीचे तुकडे नसून शेजारी-शेजारी राहणारे स्वतंत्र गट असावेत, असे मत त्यांनी मांडले. या ठिकाणी त्यांनी गुरू घुर्ये यांच्याहून वेगळी भूमिका घेतली.

ऐकण्याच्या पुढची पायरी सोबत राहण्याची. इरावतीबाई एका दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्या वाटचालीवर त्यांनी लिहिले. 1962मध्ये हा लेख इंग्रजीतही आला. दिंडीत ब्राह्मण आणि मराठा एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत, पण जेवणाच्या वेळी पंक्ती वेगळ्या होत. हे त्यांना बोचले आणि ती बोच त्यांनी लेखात लपवली नाही. प्रश्नावली घेऊन भेदभाव पाळता का असे विचारले असते, तर विठ्ठलाच्या वाटेवर कोणी होय म्हटले असते का? भजन एक आणि चूल वेगळी, हे चालणाऱ्यालाच दिसले. याला आता सहभागी निरीक्षण म्हणतात. त्यात पाहिलेले आणि पाहताना स्वतःला वाटलेले, दोन्ही लिहायचे असते, मात्र एकमेकांत न मिसळता.

या साऱ्या तयारीनिशी त्या कोयनेच्या कामाकडे आल्या. सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली होती. काही कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली, काही जलाशयाच्या वरच्या डोंगरउतारावर सरकली. किती कुटुंबे उठली, किती भरपाई वाटली, हे कागदांवर होते. पण भरपाईच्या पैशाचे पुढे काय झाले, बदली मिळालेली जमीन कशी निघाली, भावकी कुठे पांगली, नव्या गावाने आलेल्यांना सामावून घेतले का, हे त्या माणसांना भेटून विचारल्याशिवाय कळणार नव्हते. पाहणीत आकडे होते आणि लोकांचे सांगणेही होते. पुनर्वसनातील उणिवा अहवालाने स्पष्ट मांडल्या. धरणग्रस्तांच्या प्रश्नावर भारतात झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासांत त्याची गणना होते. अहवालानंतर सात वर्षांनी, 1976मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशातल्या राज्यांत असा तो पहिलाच.

‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो याच काळात. महाभारतातल्या माणसांकडेही इरावतीबाईंनी क्षेत्रकार्याला निघालेल्या अभ्यासकासारखेच पाहिले. कोण कोणाचे कोण, कोणावर कोणते नाते ओझे होऊन बसले, असे प्रश्न त्यांनी गांधारी, कुंती, कर्ण यांना लावले. 11 ऑगस्ट 1970 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोयनेचा अहवाल प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

आज सार्वजनिक आरोग्यात या पद्धतीची गरज रोज भासते. क्षयरोगाचे किती रुग्ण औषध अर्धवट सोडतात, हे नोंदवही सांगते. ते का सोडतात, हे रुग्णाच्या घरी बसून ऐकावे लागते. बरे वाटू लागले म्हणून, मजुरी बुडते म्हणून, की शेजाऱ्यांना कळेल या भीतीने? प्रत्येक उत्तरावर उपाय वेगळा. पीएच.डी. करणारे, परिचारिका, समाजसेवक, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते ही पद्धत शिकतात, तेव्हा मुलाखत सोपी वाटते आणि चूकही तिथेच होते. प्रश्न उघडा ठेवायचा, संमती घ्यायची, टिपण त्याच दिवशी पूर्ण करायचे, तेच मुद्दे पुन्हा येऊ लागेपर्यंत माणसे भेटायची आणि ऐकलेले कागदपत्रांशी, प्रत्यक्ष पाहण्याशी ताडून बघायचे. शेवटी हाती आलेले उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे असेल, तरी तेच लिहायचे. इरावतीबाईंनी हे पंचविशीच्या आतच, बर्लिनच्या प्रयोगशाळेत केले होते.