कामाचा माणूस

गेल्या सेमिस्टरची सबमिशनं संपली त्या रात्री आमच्या रूमवर एका लॅपटॉपभोवती आठ जण दाटीवाटीने बसलो आणि 'डाउनफॉल' पाहिला. २००४ चा जर्मन सिनेमा. एप्रिल १९४५, बर्लिनमधला बंकर, वर रशियन तोफा आणि खाली हिटलर आणि त्याची खास माणसं. कोणी वेडा, कोणी लाचार, कोणी पळायच्या बेतात. त्यात एकच जण आपल्यातला वाटला. नीटनेटका, शांत बोलणारा अल्बर्ट श्पेअर. मी म्हटलं, हा बरा आहे यार! शिवाय आपल्याच लाइनीतला. म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्याच्याबद्दल वाचायला घेतलं.

श्पेअर १९०५ साली मानहाइमला जन्मला. आजोबा आर्किटेक्ट, वडील आर्किटेक्ट. पोराला खरं तर गणित शिकायचं होतं, पण वडिलांपुढे काही चाललं नाही. (आपल्यातल्या निम्म्यांची हीच गोष्ट!) बर्लिनला शिकला आणि तिथेच प्राध्यापकांचा असिस्टंट झाला. १९३० च्या शेवटी विद्यार्थ्यांच्या सभेत त्याने हिटलरचं भाषण ऐकलं आणि १९३१ मध्ये पक्षात गेला.

कामाला मात्र वाघ. १९३४ च्या न्युरेंबर्ग मेळाव्यात सर्चलाइट आकाशाकडे रोखून त्याने प्रकाशाचे खांब उभे केले. हिटलरचं प्रचंड नवं कार्यालय जानेवारी १९३९ मध्ये वेळेवर बांधून दिलं. बांधकामाचं वेड असलेला हिटलर त्याच्यासोबत नव्या बर्लिनच्या मॉडेलपुढे तासन्‌तास रमायचा. त्या बर्लिनसाठी श्पेअरच्याच खात्याने ज्यू कुटुंबांना राहत्या घरांतून बाहेर काढलं.

फेब्रुवारी १९४२ मध्ये शस्त्रास्त्र मंत्री टॉट विमान अपघातात गेला आणि ३६ वर्षांचा श्पेअर त्याच्या जागी आला. वरून बाँब पडत असतानाही १९४४ च्या मध्यापर्यंत उत्पादन वाढत राहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर टॉपचा प्रोजेक्ट मॅनेजर! पण कामगार कुठून आले? जबरदस्तीने धरून आणलेले परदेशी लोक, युद्धकैदी, छळछावण्यांतले कैदी. नॉर्डहाउजेनजवळच्या बोगद्यांत व्ही-२ रॉकेटं बनायची. सुरुवातीला कैदी त्याच बोगद्यात राबायचे आणि तिथेच झोपायचे. डिसेंबर १९४३ मध्ये श्पेअर स्वतः तिथे जाऊन आला. त्या छावणीत आणि तिच्या शाखांत मिळून सुमारे ६० हजार कैदी आणले गेले, त्यातले अंदाजे २० हजार मेले.

१९ मार्च १९४५ ला हिटलरने जर्मनीतलेच पूल, कारखाने उडवायचा हुकूम काढला. श्पेअरने तो जमेल तिथे हाणून पाडला. सिनेमात तो बंकरमध्ये येऊन हे कबूल करतो. इथेच मला तो आवडला होता.

न्युरेंबर्गच्या खटल्यात त्याने सगळ्याची जबाबदारी घेतली, पण ज्यूंच्या कत्तलीचं माहीत नव्हतं म्हणाला. २० वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून १९६६ मध्ये सुटला, आठवणींची पुस्तकं लिहिली, ती धो धो खपली. १९८१ मध्ये लंडनला वारला. मग २००७ मध्ये त्याचं १९७१ चं एक पत्र बाहेर आलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये हिमलरने कत्तलीबद्दल उघड सांगितलं तेव्हा आपण तिथे हजर होतो, असं त्यात त्याने लिहिलं होतं.

वाचून झालं आणि मी गार पडलो. बंकरमधल्या त्या वेड्यांसारखा मी कधी होणार नाही, याची मला खात्री आहे. श्पेअरसारखा होणार नाही, याची नाही. डेडलाइन पाळणारा, हुशार, साहेबांचा लाडका, आणि पलीकडे काय चाललंय ते न विचारणारा माणूस व्हायला वेडं असावं लागत नाही.

सध्या माझा फायनल इयरचा एस्टिमेट चाललाय. सिमेंट, स्टील, वाळू आणि शेवटी लेबरचा एक आकडा. आजवर तो आकडा मी डोळे झाकून भरायचो. परवा भरताना हात थोडा वेळ थांबला. तुमचा थांबतो का, मित्रांनो?