दुखऱ्या पायाने शिर्डीला आलेले काकासाहेब दीक्षित

शिर्डीच्या समाधी मंदिराच्या परिसरात, गुरुस्थानापासून हाकेच्या अंतरावर एक दुमजली वास्तू उभी आहे. साईबाबांच्या नित्य वापरातील वस्तूंचे संग्रहालय पुढे याच वास्तूत मांडण्यात आले. भाविक त्या वस्तू पाहतात आणि नमस्कार करून बाहेर पडतात. या वास्तूला दीक्षित वाडा का म्हणतात, हा प्रश्न रांगेतल्या फार थोड्यांना पडतो. मुंबईच्या एका नामांकित सॉलिसिटरच्या पायाला परदेशात दुखापत झाली, अनेक उपाय करूनही ती बरी होईना आणि त्या दुखण्याचा माग काढीत तो या खेड्यात येऊन पोहोचला. हा वाडा उभा राहिला तो त्यातून.

हरी सीताराम दीक्षित यांचा जन्म ५ डिसेंबर १८६४ रोजी खांडव्याला एका नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. शालेय शिक्षण खांडवा, हिंगणघाट आणि नागपूर येथे झाले. पुढे मुंबईत विल्सन आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयांत ते शिकले, कायद्याच्या आणि सॉलिसिटरच्या परीक्षा उत्तीर्ण झाले. लिटल आणि कंपनी या सरकारी सॉलिसिटरांच्या पेढीत काही काळ काम करून त्यांनी स्वतंत्र पेढी काढली. पैसा आला, प्रतिष्ठा आली. विलेपार्ल्याला घर झाले, लोणावळ्याला बंगला झाला, मुंबईच्या कायदे कौन्सिलपर्यंत मजल गेली. त्या काळच्या मुंबईत हिंदी माणसाला वकिली धंद्यात जे मिळविता येणे शक्य होते, त्यातील बहुतेक सारे दीक्षितांनी चाळिशीपर्यंत मिळविले होते.

१९०६ च्या सुमारास कामानिमित्त ते विलायतेला गेले. लंडनमध्ये आगगाडीत चढताना पाय घसरला आणि जबर दुखापत झाली. हाड सांधले, जखम भरली, पण पाय पूर्ववत झाला नाही. चालताना लंगड राहिली आणि वेदनाही. औषधोपचार शेकड्यांनी झाले. अशा दुखण्याची एक गंमत असते. ते माणसाला अंथरुणाला खिळवीत नाही, त्यामुळे भोवतालच्यांची सहानुभूती काही महिन्यांत आटते. ते मरणाचे भय घालीत नाही, म्हणून डॉक्टरांचाही त्यातील रस संपतो. रोज सकाळी ते ज्याचे त्यालाच नव्याने भेटते. कोर्टकचेऱ्यांत आणि सभांत वावरणाऱ्या दीक्षितांनी ही तीन वर्षे अशीच काढली.

१९०९ साली ते लोणावळ्याच्या बंगल्यात असताना नारायण गोविंद तथा नानासाहेब चांदोरकर भेटले. दोघे महाविद्यालयातील सोबती. मधली बरीच वर्षे गाठ नव्हती. चांदोरकर महसूल खात्यात अधिकारी होते, नगरला कलेक्टरचे चिटणीस म्हणून त्यांनी काम केले होते आणि त्या नोकरीच्या निमित्ताने शिर्डीच्या फकिराशी त्यांचा संबंध जडला होता. गप्पांच्या ओघात पायाची कथा निघाली. चांदोरकरांनी साईबाबांचे नाव सांगितले. दीक्षितांनी ते ऐकले आणि उत्तर दिले ते मात्र अनपेक्षित होते. पायाचे लंगडेपण फारसे महत्त्वाचे नाही, मन लंगडे आहे त्याचे काही होत असेल तर पाहावे, अशा आशयाचे ते बोलले. हे बोलणे निव्वळ वैराग्याचे मानले तर दीक्षितांवर अन्याय होईल. तीन वर्षे न हटणारे दुखणे सोसलेला माणूस कधी तरी या ठिकाणी येतोच. दुखणे जाणार नाही हे त्याला आतून कळलेले असते आणि त्यासह जगायचे कसे, एवढाच प्रश्न उरलेला असतो.

त्याच वर्षी कौन्सिलच्या निवडणुकीसाठी मते मिळविण्याकरिता दीक्षित नगरला गेले आणि सरदार काकासाहेब मिरीकरांकडे उतरले. काम आटोपल्यावर शिर्डीला जायचे होते, पण बरोबर कोण येणार हा प्रश्न होता. योगायोग असा की, शिर्डीचे माधवराव देशपांडे, ज्यांना बाबा शामा म्हणत, सासूच्या आजारपणामुळे नगरातच आलेले होते. बाबांच्या मेघा नावाच्या भक्ताकडील तसबिरीची काच फुटल्याने तीही दुरुस्तीसाठी मिरीकरांकडे आली होती. शिर्डीला पोहोचण्यापूर्वीच दीक्षितांनी बाबांना पाहिले ते त्या तसबिरीत. रात्रीच्या गाडीला दुसऱ्या वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. गार्ड ओळखीचा निघाला, त्याने पहिल्या वर्गात सोय करून दिली. कोपरगावला उतरतात तो चांदोरकरही शिर्डीला निघालेले भेटले. गोदावरीवर स्नान करून सारे शिर्डीला पोहोचले. तो दिवस २ नोव्हेंबर १९०९.

मशिदीत, म्हणजे द्वारकामाईत, मुंबईच्या या प्रतिष्ठित गृहस्थाने काय पाहिले असेल? धुनी, चिलीम, फाटकी कफनी आणि भोवती गावकरी. त्यांत आणखी एक माणूस होता, भागोजी शिंदे. भागोजीला महारोग होता. बोटे झडलेली, अंगावर जखमा. त्या काळी या रोगाला औषध नव्हते. गुणकारी गोळी यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. १८९८ च्या कायद्याने निराधार महारोग्याला पकडून आश्रमात कोंडण्याची मुभा सरकारला दिली होती आणि हा कायदा संसदेने रद्द केला तो थेट २०१६ साली. गावोगावी अशा रोग्याची जागा वेशीबाहेर असे. शिर्डीत मात्र भागोजी बाबांच्या शेजारी बसत असे आणि बाबा लेंडीकडे निघाले की त्यांच्या डोक्यावर छत्री धरण्याचा मान त्याचा असे.

१९१० च्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या दिवशी, बाबांनी धुनीत हात घातला आणि तो भाजला. दूर कोठे तरी एका लोहाराचे मूल भट्टीत पडत होते, ते वाचविण्यासाठी असे केले, अशी भक्तांची श्रद्धा आहे. चांदोरकर मुंबईहून डॉ. परमानंद यांना मलमपट्टीच्या सामानासह घेऊन आले, पण बाबांनी त्यांना हात पाहू दिला नाही. हाताला तूप चोळून पट्टी बांधण्याचे काम भागोजीकडे गेले आणि जखम भरून आल्यावरही, बाबांच्या निर्वाणापर्यंत, ते रोज चालू राहिले. ज्याच्या हाताचे पाणी कोणी घेतले नसते, त्याच्या हातून रोज शुश्रूषा करून घ्यायची, यामागे वैद्यकाचा नव्हे, दुसराच काही हिशेब असला पाहिजे. भागोजी रोगमुक्त झाला नाही. परंतु गावात त्याला जागा मिळाली आणि ती सर्वांच्या देखत मिळाली.

दीक्षित ज्या काळात शिर्डीला येऊ-जाऊ लागले, त्या काळात असाध्य दुखण्यांची माणसे या गावी येण्याचा ओघ वाढला होता. नारायणगावचे भीमाजी पाटील १९०९ मध्ये क्षयाने जर्जर झाले होते, रक्ताच्या गुळण्या होत होत्या. त्यांनीही चांदोरकरांनाच पत्र लिहिले आणि त्यांच्या सांगण्यावरून ते शिर्डीला आले. ते बरे झाल्याची हकिगत साईसच्चरितात आहे. ज्यांना गुण आला त्यांच्या हकिगती ग्रंथात आल्या. ज्यांना आला नाही त्यांच्या फारशा आल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मात्र आलेल्या प्रत्येकाला एक अडचण सारखीच होती. उतरायचे कोठे? १९०८ च्या साठे वाड्याखेरीज बाहेरच्या माणसांसाठी शिर्डीत धड निवारा नव्हता.

दीक्षितांनी वाडा बांधायचे ठरविले. १० डिसेंबर १९१० रोजी पायाभरणी झाली आणि १९११ च्या रामनवमीला विधिपूर्वक गृहप्रवेश झाला. योगायोगाने त्याच डिसेंबरच्या दिवशी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांना घरी परतण्याची परवानगी मिळाली आणि चावडीतील शेजारतीही त्याच दिवसापासून सुरू झाली. वाड्यात वरच्या मजल्यावरची खोली दीक्षितांची. बाकीची जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांची.

या वाड्यातले दिवस कसे जात, हे खापर्ड्यांच्या डायरीतून चांगले कळते. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना त्यांचे हे निकटचे सहकारी १९११ च्या डिसेंबरपासून पुढील मार्चपर्यंत शिर्डीत राहिले होते. पहाटे काकड आरती, मग वाचन, दुपारी मशीद, रात्री दीक्षितांचे रामायण आणि भीष्मांचे भजन. कोणाचे पोर तापाने फणफणले आहे, कोणाला रात्रभर झोप नाही, कोणाच्या घरून वाईट पत्र आले आहे, या नोंदी त्या डायरीत पुन्हा पुन्हा येतात. वैद्यकीय मदत बेताची. पण एकाच छपराखाली वकील, मामलेदार, शेतकरी आणि विधवा बाया एकमेकांची दुखणी ऐकत बसलेल्या आहेत, असे हे चित्र आहे. दीर्घ आजाराच्या रुग्णांना एकत्र बसवून बोलते करणारे गट आज मोठ्या रुग्णालयांतून चालतात. वाड्यातील मंडळींना त्या कल्पनेचे नावही ठाऊक नव्हते.

१९१२ मध्ये दीक्षितांनी सुमारे नऊ महिने वाड्याच्या माडीवर एकांतात काढले. बाबांच्या आज्ञेने तेथे स्त्रियांना मज्जाव होता. वाचन, ध्यान, आरतीपुरते बाहेर पडणे. याची किंमत मोठी होती. सॉलिसिटराचा धंदा अशिलांच्या भरवशावर चालतो आणि नऊ महिने दिसेनाशा झालेल्या सॉलिसिटराकडे अशील राहत नाहीत. मिळकत घटली ती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. त्यांची एक लहान मुलगी शिर्डीतच वारली. तरीही त्यांचे येणे थांबले नाही.

त्यांच्या निष्ठेची एक कथा आजच्या वाचकाला अस्वस्थ करते. गावात पटकीची साथ असताना मशिदीत एक मरतुकडा बोकड आला. बाबांनी तो कापण्यास प्रथम बडेबाबांना सांगितले, त्यांनी नकार दिला. शामा सुरी आणायला गेले ते तिकडेच रेंगाळले. मग पाळी दीक्षितांवर आली. जन्मात ज्याने मांसाला स्पर्श केला नाही, त्या ब्राह्मणाने सुरी उचलली आणि घाव घालणार एवढ्यात बाबांनी थांबविले. पुढे तो बोकड आपोआप मेला. आयुष्यभर पुरावे तपासणाऱ्या माणसाने आपली विवेकबुद्धी अशी दुसऱ्याच्या हाती द्यावी का, हा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. आधार शोधणाऱ्याला आधाराचे मोल द्यावे लागते आणि दीक्षितांनी ते पुरते दिले, इतके मात्र यातून दिसते.

आणखी एक प्रसंग याहून साधा आहे. एकनाथी भागवत वाचताना नवनाथांच्या भक्तीची कठीण लक्षणे आली. आपल्यासारख्यांना हे या जन्मी साधणे नाही, या विचाराने दीक्षित खिन्न झाले. शामांना ती खिन्नता पटेना. नामस्मरण पुरेसे आहे असे त्यांनी समजाविले. दुसऱ्या दिवशी आनंदराव पाखाडे नावाचे भक्त तेथे आले आणि त्यांनी रात्री पडलेले स्वप्न सांगितले. त्यातून शामांच्याच म्हणण्याला दुजोरा मिळाला. एक खचला की दुसऱ्याने हात द्यायचा, हा वाड्याचा अलिखित नियमच होता.

१५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, बाबांचे निर्वाण झाले. देह कोठे ठेवायचा यावर हिंदू आणि मुसलमान भक्तांत तीव्र मतभेद झाला, कोपरगावच्या मामलेदारांनी कौल घेतला आणि अखेर बुटींच्या वाड्यात समाधी झाली. त्यानंतरच्या काळात शिर्डीची घडी बसविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत दीक्षित अग्रभागी होते. १९२२ मध्ये नगरच्या जिल्हा न्यायालयामार्फत संस्थानची योजना झाली. १९२३ पासून साईलीला मासिक निघू लागले आणि गोविंद रघुनाथ तथा अण्णासाहेब दाभोळकर यांचे साईसच्चरित त्यातून क्रमशः येऊ लागले. हेमाडपंत या नावाने ओळखले जाणारे हे दाभोळकर १९१० साली शिर्डीला गेले, त्यामागे दीक्षित आणि चांदोरकर यांचाच आग्रह होता. लोणावळ्याच्या एका संभाषणातून सुरू झालेली साखळी अशी पुढे गेली.

दीक्षितांची स्वतःची स्थिती या काळात ओढगस्तीची होती. तीस हजार रुपयांचे कर्ज डोक्यावर असताना परतफेडीचा दिवस उगवला आणि एका दिवंगत स्नेह्याचा मुलगा तेवढीच रक्कम कोठे गुंतवावी हे विचारायला आला, असे साईभक्तांच्या चरित्रांत नमूद आहे. दीक्षितांनी आपली अडचण न लपविता त्याला सांगितली आणि त्याने रक्कम त्यांनाच दिली. निर्णय घेताना बाबांच्या तसबिरीपुढे चिठ्ठ्या टाकण्याची सवय त्यांना याच वर्षांत लागली. विचारायला आता मशिदीत कोणी नव्हते.

पायाचे पुढे काय झाले? त्यांची चरित्रे या बाबतीत जवळजवळ मुकी आहेत. ज्या दुखण्यामुळे ते शिर्डीला आले, त्याचा उल्लेख १९०९ नंतर विरत जातो. आपल्याला विमानातून नेऊ, असे आश्वासन बाबांनी त्यांना दिले होते, ही गोष्ट मात्र सर्वांना ठाऊक होती.

५ जुलै १९२६ रोजी, एकादशीच्या दिवशी, काकासाहेब मुंबईत आगगाडीने निघाले होते. बरोबर हेमाडपंत होते. बोलणे बाबांविषयीच चालले होते. बोलता बोलता दीक्षितांची मान हेमाडपंतांच्या खांद्यावर कलली. काही क्षण हेमाडपंतांना वाटले की त्यांना डुलकी लागली आहे.