ख्वाजा महमूद गावान : व्यापारी, सेनापती आणि वजीर



आपल्या मुलचेरा भागात कोणाचे आठवडी बाजारात दुकान असते, कोणी धान्याचा व्यापार करतो, कोणी तेंदूपत्त्याच्या हंगामावर वर्षाची बेगमी करतो. मुलगा दहावी झाला की त्याला पुढे शिकवावे की गल्ल्यावर बसवावे, हा विचार पुष्कळ घरांत होतो. शिक्षण ही एक वाट आणि धंदा ही दुसरी, असे आपण धरून चालतो. म्हणून आज आपल्यापुढे एका अशा पुरुषाचे चरित्र ठेवीत आहे की जो व्यापारी म्हणून दख्खनमध्ये आला, सेनापती झाला, वजीर झाला आणि ज्याने मागे ठेवली ती एक विद्येची इमारत. त्यांचे नाव ख्वाजा महमूद गावान.

इराणच्या उत्तरेस, कास्पियन समुद्राकाठी गीलान नावाचा प्रांत आहे. तेथील गावान या गावी सन १४११ च्या सुमारास महमूद यांचा जन्म झाला. घराणे प्रतिष्ठित होते, पूर्वज राजदरबारी मोठ्या हुद्द्यांवर होते. परंतु दरबारातील कारस्थानांना कंटाळून महमूद यांनी देश सोडला आणि व्यापार पत्करला. मालाबरोबर देशोदेशी फिरताना त्यांनी विद्वानांच्या संगतीत ज्ञानही मिळविले. सन १४५३ मध्ये ते कोकणातील दाभोळ बंदरात उतरले आणि तेथून बहामनी राज्याची राजधानी बीदर येथे गेले. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीच्या पुढे होते. नव्या मुलखात, नव्या भाषेत, इतक्या वयात त्यांनी आयुष्य पुन्हा सुरू केले, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

सुलतान अलाउद्दीन अहमदशाह यांनी या परदेशी व्यापाऱ्याची योग्यता ओळखली, त्यांना एक हजार स्वारांची मनसब दिली आणि तेलंगणातील नलगोंडा येथील बंड मोडण्यास पाठविले. तराजू धरणाऱ्या हाताने तलवारही तितक्याच शांतपणे धरली. पुढे हुमायूनशाह सुलतानांनी त्यांना मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब दिला. पुढील काळात गादीवर लहान वयाचे सुलतान आले. राजमातेच्या बरोबरीने राज्याचा भार वाहणाऱ्या कारभारी मंडळात महमूद गावान होते. माळव्याच्या सुलतानाने बीदरवर स्वारी केली तेव्हा गुजरातच्या सुलतानाकडे मदत मागून त्यांनी राज्य वाचविले. सन १४६६ मध्ये महंमदशाह तिसरे यांच्या कारकिर्दीत ते मुख्य वजीर झाले.

सन १४६९ मध्ये त्यांनी कोकणची मोहीम हाती घेतली. सह्याद्रीतील घनदाट जंगल, पावसाळा आणि अवघड किल्ले यांमुळे ती तीन वर्षे चालली. खेळणा, म्हणजे पुढे विशाळगड म्हणून प्रसिद्ध झालेला किल्ला, त्यांनी घेतला आणि सन १४७२ मध्ये गोवा बंदर बहामनी अमलाखाली आणले. बंदर कशासाठी हवे, हे त्यांच्यातील व्यापारी जाणत होता. अरबस्तान व इराणातून येणारे घोडे पश्चिम किनाऱ्यावरच उतरत, आणि घोड्यांवाचून त्या काळी सैन्य नव्हते.

परंतु वाचकहो, लढायांपेक्षा त्यांची राज्यव्यवस्था अधिक महत्त्वाची आहे. पूर्वी राज्याचे चार मोठे प्रांत असत आणि प्रत्येक सुभेदार लहानसा राजाच बनून बसे. गावान यांनी चारांचे आठ प्रांत केले. वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. त्याचप्रमाणे तेलंगणाचे वरंगळ आणि राजमहेंद्री असे दोन भाग पडले. आपल्या प्राणहितेचे पाणी गोदावरीला मिळून पुढे ज्या राजमहेंद्रीवरून वाहते, तेच हे ठिकाण. प्रत्येक सुभेदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर राजधानीतून किल्लेदार नेमले जाऊ लागले. प्रत्येक प्रांतातील काही जमीन सरकारी खालसात आली. जमिनीची मोजणी झाली. सैनिकांचे वेतन वाढले, पण जितके सैनिक ठेवायचे तितके ठेवले नाहीत तर तेवढी रक्कम सुभेदाराला परत करावी लागे. दख्खनी आणि परदेशी अशा दोन गटांचे वैर दरबाराला पोखरत होते. गावान स्वतः परदेशी असूनही त्यांनी दोन्ही गटांना जागा वाटून दिल्या.

हिशेबाचा हा करारीपणा त्यांनी स्वतःलाही लावला. फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, मायदेशाहून आणलेले भांडवल ते व्यापारातच गुंतवीत आणि त्याच्या नफ्यावर स्वतःचे साधे जेवण चालवीत. वजिरीच्या उत्पन्नातून सैन्याचा खर्च भागवून उरलेले ते गरिबांना वाटत. कोकणची मोहीम जिंकून परतल्यावर खुद्द सुलतान त्यांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले. एवढा मान मिळाल्यावर दुसरा कोणी फुगला असता. गावान यांनी मात्र आपली संपत्ती विद्वानांना व गरजूंना वाटून टाकली आणि फक्त हत्ती, घोडे व ग्रंथ मागे ठेवले. कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की हत्ती-घोडे सुलतानांचे आहेत आणि ग्रंथ विद्यार्थ्यांचे आहेत, त्यांतले आपले काहीच नाही.

याच सुमारास, सन १४७२ मध्ये, बीदर येथे त्यांचा मदरसा पूर्ण झाला. तीन मजली भव्य इमारत, उंच मिनार, दर्शनी भागावर रंगीत फरशांचे काम, वर्ग, मशीद, शिक्षकांची व विद्यार्थ्यांची राहण्याची सोय आणि तीन हजार ग्रंथांचा संग्रह असे त्याचे स्वरूप होते. दूरदूरच्या देशांतील विद्वानांशी गावान यांचा पत्रव्यवहार असे. त्यांची फारसी पत्रे रियाज-उल्-इन्शा या ग्रंथात आजही वाचावयास मिळतात.

त्यांच्या शिस्तीमुळे ज्यांचे अधिकार कमी झाले ते शत्रू बनले. त्यांनी ख्वाजांचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला वश केले आणि एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. मागाहून त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारा मजकूर लिहिला. कागद सुलतानांच्या हाती गेला. मित्रांनी पळून जाण्याचा सल्ला दिला, तो त्यांनी मानला नाही. शिक्का आपला आहे, पण पत्र आपले नाही, एवढेच ते सांगत राहिले. मद्याच्या धुंदीत असलेल्या सुलतानांनी चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी, कोंडापल्लीच्या छावणीत, सत्तरीच्या या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला.

नंतर खजिना तपासला तेव्हा वजिराच्या घरी साठविलेली दौलत सापडली नाही. सुलतानांना पश्चात्ताप झाला, पण वेळ गेली होती. वर्षभरातच, सन १४८२ मध्ये, तेही वारले. पुढे राज्य फुटले आणि विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडा व बीदर अशी पाच राज्ये झाली. एका हिशेबी माणसाला मारल्यावर सगळा हिशेबच विस्कटला.

मदरशाची इमारत सतराव्या शतकाच्या अखेरीस, मोगल अमलात, स्फोटाने बरीच ढासळली. तरी तिचा एक मिनार आणि रंगीत फरशांचे अवशेष अजून उभे आहेत. कधी बीदरला जाणे झाले तर मुलांना ते अवश्य दाखवा.

पालकहो, या चरित्रातून दोन गोष्टी घरी न्याव्यात. पहिली अशी की धंदा आणि विद्या यांचे वैर नाही. धंद्यातून आलेल्या पैशाचा एक वाटा विद्येसाठी बाजूला काढता येतो, आणि समाजाच्या पैशाचा हिशेब स्वतःच्या पैशापासून वेगळा ठेवता येतो. दुसरी गोष्ट आपल्या जंगल भागाला अधिक जवळची आहे. कोऱ्या कागदावरचा शिक्का एवढ्या मोठ्या वजिराच्या जिवावर उठला. आपल्याकडे कर्जाच्या, जमिनीच्या, मजुरीच्या कागदांवर न वाचता अंगठा उठविणाऱ्यांची घरे बसलेली आपण ऐकली आहेत. मुलाला आणि मुलीलाही इतके तरी शिकवा की घरात आलेला प्रत्येक कागद ती वाचून दाखवतील आणि मगच त्यावर सही होईल. ख्वाजांनी ग्रंथ विद्यार्थ्यांचे म्हणून राखले होते. ते उघडून वाचणे आता विद्यार्थ्यांचे काम आहे.