हवेच्या चाकाचा पशुवैद्य

राजुरा तालुक्यात टायरचा हिशेब घरोघरी ठाऊक आहे. सास्ती, पवनीच्या खुल्या खाणींतून निघणारा कोळसा आणि गडचांदूरच्या बाजूने येणारे सिमेंट वाहणारी अवजड वाहने इथल्या रस्त्यांवरून अहोरात्र जात असतात. खाणीतल्या डंपरचे चाक उभ्या माणसाहून उंच असते. शेतकऱ्याच्या बंडीचीही लोखंडी धाव बहुतेक ठिकाणी गेली व तिच्या जागी टायर आला. टायर विकत घेणारा गिऱ्हाईक कोणीही असो, त्याच्या मनात दोन प्रश्न असतात. टायर किती चालेल, आणि गाडी किती शांत, किती मऊ चालेल? मालट्रकचा मालक पहिल्या प्रश्नावर थांबतो. बुटकी, जमिनीलगत बसवलेली स्पोर्ट्स कार हौसेने बाळगणाऱ्या नागपूर-पुण्याच्या तरुणाला मात्र दोन्ही उत्तरे हवी असतात, आणि ती एकाच टायरमध्ये मिळणे कठीण असते. यातल्या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटी ज्यांनी हवेचा टायर जगाच्या रस्त्यावर आणला, ते जॉन बॉइड डनलॉप यंत्रज्ञ नव्हते, कारखानदारही नव्हते. ते जनावरांचे डॉक्टर होते.

स्कॉटलंडच्या आयरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या खेड्यात ५ फेब्रुवारी १८४० रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन एकोणिसाव्या वर्षी ते व्यवसायास पात्र ठरले. काही वर्षे तिथेच काढून १८६७ च्या सुमारास ते आयर्लंडला गेले व पुढे बेलफास्ट शहरातील मे स्ट्रीटवर त्यांनी आपला दवाखाना थाटला. ते घोड्यांचे युग होते. मालवाहू गाड्या, बग्ग्या, ट्राम हे सारे घोड्यांच्या खुरांवर चालत होते. डनलॉप यांच्याकडे बारा नालबंद कामाला असत आणि त्यांचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या पशुचिकित्सालयांपैकी एक समजला जाई. सौम्य, मितभाषी, दाट दाढीचे हे गृहस्थ स्वतःची प्रकृती नाजूक आहे असे आयुष्यभर मानत आले. प्रत्यक्षात त्यांना एक्क्याऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले.

दगडी फरसबंदीवरून लोखंडी धावेच्या गाड्या ओढताना घोड्याची किती शक्ती नुसत्या धक्क्यांत वाया जाते, हे या पेशाच्या माणसाला निराळे सांगावे लागत नव्हते. पण या विचाराला हात घालण्याचे निमित्त घरातूनच मिळाले. त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा जॉनी याच्याकडे तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांवर भरीव रबर होते. बेलफास्टच्या ओबडधोबड रस्त्यांवर ती खडखडत, हादरत चाले. मुलाचा हा त्रास कमी व्हावा, एवढाच पित्याचा हेतू होता.

ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी एक लाकडी चकती घेतली, पातळ रबराच्या पत्र्याची नळी करून ती चकतीभोवती बसवली, वरून कापड गुंडाळून पक्की केली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग सायकलचे भरीव रबराचे चाक आणि ही हवेची चकती त्यांनी अंगणात एकामागून एक घरंगळत सोडली. भरीव चाक थोडे अंतर जाऊन कलंडले. हवेचे चाक मात्र अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकाच्या खांबावर आदळले व उसळून मागे आले. दोन्ही चाकांना जोर सारखाच दिला होता. भरीव रबर प्रत्येक खड्यावर दबते व ती ऊर्जा त्याच्या पोटात जिरते. हवा मात्र खडा गिळून घेते व दाब लगेच परत देते. घोड्याच्या श्रमांचे जे गणित त्यांच्या मनात होते, त्याचे उत्तर त्या खांबापाशी मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही. २८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्री जॉनीने नवी चाके लावलेली आपली सायकल रस्त्यावर चालवून पाहिली.

त्याच वर्षी २३ जुलैला डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला व डिसेंबरात ते मंजूर झाले. तरीही लोकांना हे प्रकरण हास्यास्पदच वाटत होते. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम नावाचा सायकलपटू हवेचे फुगीर टायर लावून शर्यतीस उतरला, तेव्हा बघ्यांनी त्याची थट्टा केली. ह्यूमने त्या दिवशीच्या चारही सायकल शर्यती जिंकल्या. मऊपणासाठी केलेली वस्तू वेगासाठी विकली जाऊ लागली ती इथून. जे टायर मुलाच्या सुखासाठी जन्मले, त्यांना बाजारात नाव मिळवून दिले ते शर्यतीने. स्पोर्ट्स कारच्या टायरची आजची जाहिरात पाहिली तर या गोष्टीत फारसा फरक पडलेला दिसत नाही.

डब्लिनचे उद्योजक हार्वे ड्यू क्रॉस यांनी १८८९ च्या अखेरीस कंपनी उभारली. डनलॉप यांनी आपले पेटंट तिच्या स्वाधीन केले आणि मोबदल्यात मुख्यतः १,५०० समभाग घेतले. पुढच्याच वर्षी कंपनीच्या पायाखालची जमीन सरकली. हवेच्या चाकाचे पेटंट आधीच दिले गेले होते, तेही पंचेचाळीस वर्षांपूर्वी!

ते मिळवणारा रॉबर्ट विल्यम थॉमसन हाही स्कॉटिशच. १८२२ साली स्टोनहेवन येथे जन्मलेल्या थॉमसनने डिसेंबर १८४५ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, घोडागाड्यांसाठी हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण अशी त्याची रचना होती. ओढण्याचे श्रम वाचवणे, गाडी सुखकर करणे आणि तिचा आवाज कमी करणे, असे तीन हेतू त्याने पेटंटात नोंदवले होते. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने गाड्या चालवून दाखवल्या. त्या जवळजवळ निःशब्द चालल्या. चाकांचा एक संच तर १,२०० मैल चालूनही फारसा झिजला नाही, असे नमूद आहे. म्हणजे टिकाऊ आणि शांत, दोन्ही! पण योग्य दर्जाचे पातळ रबर त्या काळी सहज मिळत नव्हते, चाक फार महाग पडे, आणि ज्यांना त्याची खरी गरज होती त्या सायकली व मोटारी अजून जन्माला यायच्या होत्या. थॉमसन पुढे भरीव रबराच्या चाकांच्या वाफेच्या गाड्यांकडे वळला आणि १८७३ मध्ये वारला. त्याचे हवेचे चाक लोक विसरून गेले.

यावरून डनलॉप यांनी कल्पना उचलली, असा तर्क कोणी केला तर तो अन्यायाचा होईल. थॉमसनचे नावही त्यांच्या कानी नव्हते. मात्र पहिला शोधक हा मान त्यांचा नव्हे, हेही तितकेच खरे. त्यांचे भाग्य एवढेच की त्यांचा प्रयोग वेळेवर आला. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची युक्ती शोधली होती. तिला एव्हाना अर्धशतक होत आले होते आणि दारासमोर सायकलींचे वेड उसळत होते.

मूळ पेटंट निरर्थक ठरल्यावर कंपनी तगली ती इतरांच्या कल्पनांवर. चार्ल्स वेल्च आणि विल्यम बार्टलेट यांनी टायर रिमवर पकडून ठेवण्याच्या दोन पद्धती शोधल्या होत्या. त्यांचे हक्क कंपनीने मिळवले. त्याआधी टायर रिमला चिकटवलेला असे व पंक्चर काढणे हा तासन्‌तासांचा उद्योग होता. आता तो काढता-घालता येऊ लागला. आपल्याकडील सायकलच्या ट्यूबला जो वॉल्व्ह असतो, ज्यावर बारीक रबरी नळी चढवतात, तो अनेक देशांत डनलॉप वॉल्व्ह म्हणून ओळखला जातो. तोही डनलॉप यांचा नव्हे. वुड्स नावाच्या गृहस्थाने तो १८९१ मध्ये केला. नाव एकाचे आणि हात अनेकांचे, असा हा सारा व्यवहार आहे.

डनलॉप १८९२ मध्ये डब्लिनला राहावयास गेले आणि १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. लगेच पुढच्या वर्षी टेरा हूली या सटोडियाने ती कंपनी ३० लाख पौंडांना घेऊन ५० लाख पौंडांच्या भांडवलासह नव्याने बाजारात आणली. नव्या कंपनीच्या नावात डनलॉप होते, त्यांचा दाढीवाला चेहरा व्यापारचिन्ह म्हणून जगभर फिरत होता, परंतु त्या लाखांशी या पशुवैद्याचा संबंध उरला नव्हता. उत्तरायुष्यात डब्लिनमधील एका कापडाच्या पेढीत त्यांचा हितसंबंध होता. ते दारिद्र्यात मुळीच राहिले नाहीत. मात्र त्यांच्या नावावर जी संपत्ती जमा झाली, तिच्या मानाने त्यांचा वाटा नगण्यच म्हणावा लागेल.

या चरित्रात एक काळी बाजूही येते, ती गाळणे बरे नव्हे. हवेच्या टायरमुळे १८९० च्या दशकात रबराची मागणी एकाएकी वाढली, आणि बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोमध्ये जंगलातून रबर आणण्यासाठी तेथील लोकांवर अनन्वित अत्याचार झाले. ठरलेला कोटा न भरणाऱ्या गावांवर शिपाई सोडले जात, माणसांचे हात तोडले जात. डनलॉप यांचा यात काडीचाही हात नव्हता. परंतु एका मुलाच्या सायकलीचे धक्के कमी करणारी वस्तू दूरच्या वनवासींच्या गळ्याचा फास झाली. जंगलावर जगणाऱ्या माणसांचा हा मुलूख असल्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकास ते अधिक लागेल.

टायरचे तंत्र पुढे खूप बदलले. रबरात काजळी मिसळल्याने ते कितीतरी पटीने टिकाऊ झाले व काळे झाले. मिशलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. पण मूळचा पेच तसाच आहे. मऊ रबर रस्ता घट्ट धरते व कमी वाजते, मात्र लवकर गोटा होते. कडक रबर अधिक मैल देते, पण त्याचा आवाज व हादरे वाढतात. टायर जितका रुंद आणि त्याची कड जितकी बुटकी, तितकी खाली हवेची गादी कमी व आवाज जास्त. जमिनीलगतच्या गाडीला हवेच्या चाकाचे सुख सर्वांत कमी मिळते ते यामुळेच. युरोपात २०१२ पासून टायरवर त्याच्या आवाजाचे डेसिबल छापणे बंधनकारक झाले. थॉमसनच्या तिसऱ्या हेतूला सरकारी मोजमाप मिळाले ते तब्बल १६७ वर्षांनी.

भारतात डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे सुरू झाला. बैलगाडीला हवेचे टायर बसवण्याचा प्रसार याच काळातला. उत्तर हिंदुस्थानात अशा गाडीलाच लोक डनलप म्हणू लागले. ज्याला जनावराच्या खांद्यावरचा भार मोजता येत होता, त्याचे नाव बैलाच्या गाडीला लागावे, हे त्या पोलादी कंपनीपेक्षा त्यांना अधिक शोभते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे डनलॉप यांचे निधन झाले. डीन्स ग्रेंजच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलीच्या खटपटीने छापून निघाला. पुढे उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. त्यातही ती दाढी आहेच.